शेतकऱ्याची चीजवस्त आणि चोरीचा कायदा

घाम गाळून पिकविलेला माल आणि पोटास चिमटा घेऊन जमविलेलीं अवजारें एका रात्रींत नाहींशीं व्हावीं, यासारखें दुसरें दुःख शेतकऱ्यास नाहीं. अवर्षण आणि गारपीट यांबद्दल निदान दैवास बोल लावतां येतो. चोरीच्या बाबतींत मात्र चोराइतकाच राग मनुष्यास स्वतःच्या गाफीलपणाचा येतो. विहिरीवरची मोटार, तांब्याची केबल, ठिबकाच्या नळ्या, गोठ्यांतील शेळ्या व बैल, खळ्यावरचें सोयाबीन, बांधावरचें चंदन, इतकेंच नव्हे तर झाडावरचीं डाळिंबेंही हल्लीं चोरीस जातात. अशा प्रसंगीं कायदा आपणांस काय देतो आणि आपणांकडून काय मागतो, हें शेतकरी बंधूंस ठाऊक असावें, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहिला आहे. आम्ही वकील नव्हों. महसूल खात्यांत जन्मभर कारकुनी केली, आणि त्या नोकरींत एक गोष्ट मनावर पक्की ठसली. कायदा मालकाचें रक्षण करितो हें खरें. परंतु मालक कोण, हें त्यास दाखवून द्यावें लागतें, आणि तें तोंडानें नव्हे तर कागदानें. तो कागदही चोरी होण्यापूर्वीं तयार असावा लागतो.

पूर्वींची व्यवस्था व आजची

पूर्वीं आपल्याकडे गांवच्या राखणीचा भार पाटील व जागले यांजवर असे. दख्खनच्या पुष्कळ गांवीं रामोशी जागल्याचें काम करीत. चोरी झाली म्हणजे जागल्यानें चोराचा माग काढावा, माग शेजारच्या गांवच्या शिवेंत शिरला तर तो त्या गांवच्या स्वाधीन करावा, आणि ज्या गांवास माग पुढें काढून देतां येणार नाहीं त्यानें नुकसान भरून द्यावें, अशी वहिवाट होती. तींत कागदाचें काम फारसें नव्हतें. कोणाचा बैल कोणता, हें सारा गांव जाणत होता.

ती व्यवस्था आतां उरली नाहीं. कुलकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं, कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें १९५८ च्या कायद्यानें गेलीं, आणि मुलकी पाटलांचीं पदें १९६२ च्या कायद्यानें बंद झालीं. आज महाराष्ट्रांत १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमान्वयें नेमलेला पोलीस पाटील आहे. गांवांतील गुन्ह्यांची माहिती ठेवणें व ती वर कळविणें हें त्याचें काम; नुकसान भरून देणें हें ना त्याचें काम, ना गांवाचें. शिवाय आज सायंकाळीं चोरलेली मोटार पहांटेपूर्वीं तीन तालुके ओलांडून जाते. तेथें आपला बैल ओळखणारा कोणी नाहीं. म्हणून ओळखीची जागा आतां नोंदीनें घेतली पाहिजे.

चोरी कशास म्हणावें

पुष्कळांच्या तोंडीं अजून "तीनशें एकोणऐंशी" हें कलम आहे. तो १८६० चा दंडविधान कायदा होय. ता. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागीं भारतीय न्याय संहिता, २०२३ ही अमलांत आली असून चोरीचें कलम आतां ३०३ आहे. व्याख्या मात्र जुनीच आहे: दुसऱ्याच्या ताब्यांतील जंगम वस्तु, त्याच्या संमतीवांचून व अप्रामाणिक हेतूनें घेण्यासाठीं जागची हलविली, कीं चोरी झाली. चोर शिवेपलीकडे गेला पाहिजे असें नाहीं. बैलाच्या पाठीवर मौल्यवान पेटी आहे आणि ती लांबविण्याच्या हेतूनें कोणी बैलास हांकलें, तर बैलानें पाऊल उचलतांच पेटीची चोरी झाली, असें उदाहरण खुद्द कायद्यांतच दिलेलें आहे.

उभें पीक व झाड हें जमिनीस जडलेलें असल्यामुळें जंगम नव्हे. परंतु तें तोडतांच जंगम होतें, आणि ज्या कृत्यानें तें तुटलें त्याच कृत्यानें चोरीही होऊं शकते. तेव्हां रातोरात कापून नेलेला हरभरा किंवा तोडून नेलेलें चंदन ही चोरीच होय.

येथें भाऊबंदकीच्या प्रकरणांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. सामाईक शेतांतील ऊस चुलत्यानें तोडून नेला, म्हणून पुतण्या ठाण्यावर धांवतो. चुलता म्हणतो, शेत माझ्या वांट्याचें. हक्काचा दावा प्रामाणिकपणें केलेला असेल तर तेथें चोरीचा हेतु सिद्ध होत नाहीं, आणि पोलीस दिवाणी न्यायालयाकडे बोट दाखवितात. अशा वेळीं सात-बाराच्या उताऱ्यावरील पीकपाहणीची नोंद मोठें काम करिते, कारण पीक कोणी पेरलें हें तींत दिसतें. महाराष्ट्रांत २०२१ पासून ई-पीक पाहणीनें ही नोंद शेतकऱ्यास स्वतःच करतां येते. ती करण्याचा कंटाळा करूं नये. बांधावरच्या मौल्यवान झाडांची नोंदही उताऱ्यावर आहे कीं नाहीं हें तलाठी कचेरींत पाहून घ्यावें, व नसल्यास अर्ज द्यावा.

पांच हजारांची रेषा आणि छपराचें महत्त्व

नव्या कायद्यांत शेतकऱ्यानें विशेष लक्ष द्यावें अशी एक गोष्ट आहे. साध्या चोरीस तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. पुन्हां तोच अपराध शाबीत झाल्यास किमान एक व कमाल पांच वर्षें सक्तमजुरी आणि दंड आहे. परंतु चोरीच्या मालाची किंमत पांच हजार रुपयांपेक्षां कमी असेल, अपराध प्रथमच शाबीत झाला असेल, व माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर समाजसेवेची शिक्षा सांगितली आहे. त्याबरोबरच फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या परिशिष्टांत पांच हजारांखालची ही चोरी अदखलपात्र ठरविली आहे.

याचा व्यवहारांतील अर्थ नीट समजून घ्यावा. अदखलपात्र प्रकरणांत ठाण्यावर नोंद होते व तिची प्रत मिळते, परंतु न्यायदंडाधिकाऱ्याच्या हुकुमावांचून पोलिसांस तपास करतां येत नाहीं. ज्याची चाळीस हात केबल गेली त्या कोरडवाहू शेतकऱ्यास साडेचार हजार हा आंकडा लहान नाहीं; त्याचें ऐन उन्हाळ्यांतलें पाणी त्यावर अडतें. परंतु कायद्याच्या दृष्टीनें तो रेषेखालीं राहतो. म्हणून फिर्याद देतांना एकाच चोरींत गेलेल्या सर्व वस्तु मोजून लिहाव्या. केबल गेली एवढेंच सांगून थांबूं नये; तिजबरोबर स्टार्टर, फूटव्हॉल्व्ह, पान्हे व पाइपाचे जोड गेले असतील तर तेही सांगावे, आणि प्रत्येकाची आजची बाजारकिंमत पावतीच्या आधारें दाखवावी. मात्र न गेलेली वस्तु लिहूं नये, व किंमत फुगवूं नये. सरकारी नोकरास खोटी खबर देणें हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि एक खोटा आंकडा साऱ्या फिर्यादीवरचा विश्वास घालवितो.

दुसरी गोष्ट छपराची. राहत्या घरांतून, किंवा माल सुरक्षित ठेवण्यासाठीं वापरल्या जाणाऱ्या इमारतींतून चोरी झाली, तर तिला ३०५ वें कलम लागतें. त्यास सात वर्षांपर्यंत कैद व दंड आहे, आणि तेथें पांच हजारांची रेषा नाहीं. माल अगर उतारू नेणाऱ्या वाहनाच्या चोरीसही हेंच कलम आहे. सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वीं चोरीसाठीं घर फोडलें तर शिक्षा चौदा वर्षांपर्यंत जाऊं शकते. यावरून उघड आहे कीं, उघड्यावर पडलेली मोटार आणि भिंती, छप्पर व कुलूप असलेल्या खोलींतील मोटार यांत केवळ कुलपाचाच नव्हे तर कलमाचाही फरक पडतो. अमुक छपरी ही कायद्याच्या अर्थानें इमारत आहे किंवा नाहीं, हें न्यायालय त्या त्या ठिकाणची बांधणी पाहून ठरवितें. तथापि पक्की मोटारखोली व दार-कुलपाची कांदाचाळ ही दुहेरी राखण आहे, यांत शंका नाहीं.

कोणत्या वस्तूची कोणती नोंद

एक जाड पुठ्ठ्याची वही करावी व तिला 'चीजवस्तीची वही' म्हणावें. तींत पुढीलप्रमाणें नोंदी असाव्या.

१. मोटार, पंप, फवारणी यंत्र: कारखान्याचें नांव, पाटीवर ठोकलेला क्रमांक, अश्वशक्ति, खरेदीची तारीख व किंमत. पाटी उखडतां येते, म्हणून मोटारीच्या बिडाच्या अंगावर दोन ठिकाणीं आपली खूण छिन्नीनें ठोकावी, व ती खूण वहींत काढून ठेवावी. केबलीवरही वाव-दोन वावांवर खूण करावी.

२. जनावरें: रंग, शिंगें, भोंवरे, डाग, वय आणि कानांतील पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक. विकत घेतलेल्या जनावराची बाजार समितीची पावती जपावी. घरच्या गाईचें वासरूं असेल तर पावती नसते. तेथें बिल्ला, पशुवैद्यकाच्या लसीची नोंद व दोन्ही बाजूंचीं छायाचित्रें हाच पुरावा.

३. ट्रॅक्टर व मोटारसायकल: नोंदणी, सांगाड्याचा व इंजिनाचा क्रमांक. कायद्यानें सक्तीचा असलेला विमा तिऱ्हाइताच्या नुकसानीचा असतो. त्यांत चोरी येत नाहीं. चोरीसाठीं वेगळा विमा उतरावा लागतो.

४. दागिने: सराफाची पावती व छायाचित्र. ता. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र खूण असल्याशिवाय तो विकतां येत नाहीं. ती खूण वहींत उतरावी. पेढीच्या लॉकरांत ठेवलेल्या दागिन्यांचा विमा पेढी उतरवीत नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या, १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें पेढीच्या जागेंत चोरी, दरोडा, आग किंवा नोकरांची लबाडी यांमुळें लॉकरांतील वस्तु गेल्यास तिची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत आहे. भाडें दोन हजार असेल तर दोन लाख. त्यापलीकडची काळजी आपली आपण करावी.

५. भ्रमणध्वनि: त्याचा पंधरा अंकी क्रमांक. हा क्रमांक असला म्हणजे, हरवल्याची तक्रार देऊन, केंद्र सरकारच्या २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या व्यवस्थेमार्फत तें यंत्र बंद पाडतां येतें.

या वहीची किंमत एका उदाहरणानें सांगतों. आमच्या नोकरीच्या काळांत एका गांवच्या दोन शेतकऱ्यांचे बैल थोड्या दिवसांच्या अंतरानें चोरीस गेले, व दोघांचेही दुसऱ्या जिल्ह्याच्या बाजारांत सांपडले. पहिल्याजवळ बिल्ल्याचा क्रमांक व विम्याच्या कागदावरचें छायाचित्र होतें; पंधरवड्याच्या आंत बैल त्याच्या दावणीस आले. दुसऱ्याचे बैल घरच्या गाईचे. अंगणांत वाढविलेल्या जनावराचा कागद कशास, असें तो म्हणत असे. इकडे घेणाऱ्याच्या हातांत बाजाराची पावती होती. गांवचे दहा लोक साक्षीस गेले, हेलपाटे झाले, आणि बैल परत येईपर्यंत पेरणी भाड्याच्या बैलांनीं करावी लागली. दोघेही खरे मालक. फरक केवळ कागदाचा.

चोरी झाल्यावर

प्रथम जागा तुडवूं नये. पावलें, चाकोऱ्या, तोडलेलें कुलूप हें सर्व पंचनाम्यासाठीं तसेंच राहूं द्यावें. पोलीस पाटलास कळवावें. परंतु त्यास कळविणें म्हणजे फिर्याद देणें नव्हे, हें लक्षांत ठेवावें. ठाण्यावर स्वतः जावें.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३, हिच्या १७३ व्या कलमान्वयें दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यावर देतां येते. गुन्हा त्याच ठाण्याच्या हद्दींत घडला पाहिजे असें नाहीं. तोंडी खबर दिल्यास ती लिहून घेऊन वाचून दाखविली पाहिजे, आणि तिची प्रत विनामूल्य मिळाली पाहिजे. संगणकाच्या किंवा भ्रमणध्वनीच्या मार्गानें खबर पाठविल्यास तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. तीन ते सात वर्षांच्या आंतील शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीनें, ठाणे अंमलदारास चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे. साधी चोरी तींत बसते. बाकी दखलपात्र खबर मिळाल्यावर गुन्हा नोंदविलाच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१३ सालीं ललिता कुमारी प्रकरणांत सांगितलें आहे.

ठाण्यावर नकार मिळाला तर वाद घालीत बसूं नये. तीच हकीकत लिहून पोलीस अधीक्षकास टपालानें पाठवावी, पोंच जपावी, आणि तेथेंही कांहीं न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करावा. अर्जांत तारखा असाव्या, शिव्या नसाव्या. नव्वद दिवसांच्या आंत तपासाची प्रगति फिर्यादीस कळविण्याचें बंधन पोलिसांवर आहे. तेवढ्या मुदतीनंतर विचारणें हा आपला हक्क होय.

उशीर करूं नये, याचें कायद्यांतलें कारण ऐका. चोरीनंतर लौकरच जो इसम त्या मालासह सांपडेल, व माल कोठून आणला हें सांगूं शकणार नाहीं, तो स्वतः चोर किंवा चोरीचा माल जाणून घेणारा आहे, असें न्यायालय गृहीत धरूं शकतें. जितके दिवस जातील तितकें हें गृहीत दुबळें होतें.

संशयितांचीं नांवें विचारल्यास कारण असेल तरच सांगावीं. अमुक जमातीचें बिऱ्हाड माळावर उतरलें होतें, एवढें कारण पुरेसें नाहीं. जन्मानें माणसास गुन्हेगार ठरविणारा १८७१ चा कायदा १९५२ सालीं रद्द झाला. तो आपल्या फिर्यादींतून पुन्हां जिवंत करूं नये. अशा संशयानें खरा चोर निसटतो आणि निरपराधाची पाठ फुटते.

चोर हातीं लागला तर

आपल्या मालाचें रक्षण करण्याचा हक्क न्याय संहितेनें प्रत्येकास दिला आहे. परंतु त्या हक्कास तीन बांध आहेत. पोलिसांची मदत मिळविण्यास अवसर असेल तर हा हक्क नाहीं. गरजेपेक्षां जास्त इजा करतां येत नाहीं. आणि चोर माल घेऊन निसटला, किंवा माल परत मिळाला, किंवा मदत येऊन पोंचली, कीं हक्क संपला. जीव घेण्यापर्यंत हा हक्क जातो तो जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, घरास वा माल ठेवण्याच्या इमारतीस आग लावणें, किंवा प्राणावर बेतेल अशी वाजवी भीति असलेली चोरी एवढ्यांपुरताच, व तोही वरील बांध पाळूनच. मक्याचीं कणसें नेणाऱ्यावर कुऱ्हाड चालविणाऱ्यास कायदा पाठीशीं घालीत नाहीं.

आपल्यासमक्ष दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्यास कोणाही नागरिकास पकडतां येतें. परंतु विनाविलंब, आणि फार तर सहा तासांच्या आंत, त्यास पोलिसांच्या स्वाधीन केलें पाहिजे. त्यास झाडास बांधून मारणें म्हणजे फिर्यादीनें स्वतःच आरोपी होणें होय.

कुंपणांत वीज सोडण्याचा प्रघात तर निखालस सोडून द्यावा. तार चोर कोण आणि शेजाऱ्याचें पोर कोण हें ओळखीत नाहीं. तींत मनुष्य दगावल्यास मालकावर मनुष्यवधाचा खटला होतो. मोटार पुन्हां घेतां येते. हें पाप कोठेंही फेडतां येत नाहीं.

माल परत मिळविणें

जप्त मुद्देमाल ठाण्याच्या आवारांत गंजत पडूं नये, तो पंचनामा व छायाचित्रें करून योग्य इसमास बंधपत्रावर लौकर द्यावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २००२ सालीं सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणांत सांगितलें. नव्या संहितेनेंही अशा मालाची यादी चौदा दिवसांत करण्यास व तिच्यानंतर तीस दिवसांत विल्हेवाट लावण्यास न्यायालयास सांगितलें आहे. तेव्हां माल सांपडल्याचें कळतांच न्यायालयांत सुपुर्दनाम्याचा अर्ज द्यावा, व आपली वही व पावत्या सोबत जोडाव्या. न बोलावतां कोणी माल घरीं आणून देत नाहीं.

चोरानें विकलेल्या वस्तूवर घेणाऱ्याची मालकी बसत नाहीं. जो स्वतः मालक नाहीं, तो दुसऱ्यास मालकी देऊं शकत नाहीं, हा १९३० च्या माल विक्री कायद्याचा नियम आहे. चोरीचा माल जाणून घेणें हा ३१७ व्या कलमाखालीं गुन्हा असून, असा धंदाच करणाऱ्यास दहा वर्षें कैद किंवा जन्मठेपही होऊं शकते. हें भंगारवाल्यास लागू आहे, तसेंच स्वस्तांत मिळाली म्हणून रात्रीं पावतीवांचून मोटार घेणाऱ्या शेतकऱ्यासही लागू आहे. आपण घेणारे नसतों, तर चोरणारा कोणास विकता?

कांहीं ठिकाणीं मध्यस्थ येतो व म्हणतो, इतके रुपये द्या, जनावर अमक्या ओढ्याकांठीं सोडवून देतों. चोरास पकडून देण्याची खटपट न करतां अशी रक्कम घेणें हा गुन्हा आहे. असा मनुष्य आला तर पैसे न देतां पोलिसांस कळवावें. एकानें पैसे मोजले कीं पुढच्या हंगामांत शेजाऱ्याचा गोठा रिकामा होतो.

चोर सांपडलाच नाहीं, तर 'गुन्हा खरा, परंतु तपास लागला नाहीं' असा अखेरचा अहवाल पोलीस न्यायालयांत पाठवितात. महाराष्ट्रांत त्यास 'अ समरी' म्हणतात. तिची प्रत मागून घ्यावी. विमा कंपन्या चोरीचा दावा मंजूर करण्यापूर्वीं बहुधा ती मागतात.

शेवटीं एकच सूचना. खंडेनवमीस आपण अवजारें धुऊन मांडतों, हळदकुंकू वाहतों. बैलपोळ्यास प्रत्येक बैलाच्या कपाळीं हात फिरवितों. त्याच दोन दिवशीं ही वही काढावी, नवी वस्तु चढवावी, विकलेली कमी करावी, आणि घरांतील शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून छायाचित्रें काढवून घ्यावीं. वहीची एक प्रत घराबाहेर, विश्वासू नातलगाकडे असावी. नाहीं तर पेटीबरोबर वहीही जावयाची. खर्च फार तर शंभर रुपये व एक दुपार. येत्या हंगामाच्या आंत प्रत्येक सभासदानें एवढें काम उरकावें, ही आमची विनंति आहे.